बसलेला आवाज

दमा आटोक्यात येत गेला, तसतसा शाल्मलीचा आवाज बसत गेला. असं कसं होतं, हे कोडं काही तिला सुटेना.

तिची आई चंद्रावरच्या वसाहतीत अभियंता होती. दर रविवारी ती पडद्यावर दिसायची आणि शाल्मली तिला गाऊन दाखवायची. गाणं चंद्रावर पोहोचून आईचं हसू परत यायला अडीचेक सेकंद लागत. त्या हसण्याची शाल्मली आठवडाभर वाट बघायची. पण आता गळ्यातून नुसती खरखर निघे. अभ्यासाचं निमित्त काढून तिनं आईशी बोलणंच टाळलं आणि आवाज त्यामुळेच बसतोय अशी शंका येऊन, कुणाला न सांगता दम्याचा रोजचा औषधी फवारा घेणं सोडून दिलं.

आवाज काही परतला नाही. छातीतली शिट्टी मात्र परतली. जिन्यावरच ती धापा टाकत खाली बसली. ती जिच्याकडे राहायची ती सुहासआत्या संशोधक होती. तिनं आधी तातडीचा फवारा दिला आणि डॉक्टरांना दाखवून आणलं. श्वास सुरळीत झाल्यावर शाल्मलीनं रडत सगळं कबूल केलं.

आत्या रागावली नाही. तिला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथल्या धीरू या यंत्रमानवाचा गळा आणि छाती पारदर्शक होती. आत्यानं त्याच्या तोंडात निळ्या रंगाचा फवारा मारला. घसा निळाभोर झाला, फुप्फुसात जेमतेम ठिपके उमटले.

"रोजचं औषध श्वासनलिकांची (फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांची) सूज उतरवतं," धीरू म्हणाला. "पण फवारा सुटतो वेगानं. जड थेंबांना घशातलं वळण घेता येत नाही, ते तिथंच आदळतात. काही स्वरतंतूंवर (ज्यांच्या थरथरण्यानं आवाज निघतो त्या पट्ट्यांवर) बसतात. औषध चांगलंच आहे, शाल्मली. पत्ता चुकतोय."

मग आत्यानं धीरूचा घसा धुऊन फवाऱ्याला स्पेसर (मधली पोकळ नळी) जोडला. जड थेंब नळीतच राहिले, बारीक कण सावकाश आत गेले. घसा आता फिकट निळा दिसत होता. धीरूनं गुळण्या केल्यावर तोही बराच निवळला. पुन्हा दाखवल्यावर डॉक्टरांनीही हेच करायला सांगितलं आणि औषधाची मात्रा तपासून दिली. काही त्रास झाला तर आधी सांगायचं, औषध आपल्या मनानं सोडायचं नाही, असंही बजावलं.

आवाज लगेच मोकळा झाला नाही. तरी रविवारी शाल्मली पडद्यासमोर बसली आणि घोगऱ्या आवाजात आईला सारं सांगून टाकलं.

"इथं भिंतीपलीकडे हवाच नाही गं," आई म्हणाली. "तू नीट श्वास घेतेयस, एवढं ऐकू आलं तरी माझा रविवार होतो."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीनं आत्याला विचारलं, आपला पत्ता कधीच न चुकणारा फवारा करता येईल का? अजून तरी कुणाला जमलेला नाही, आत्या म्हणाली, आणि टेबलावरची आपली उपकरणं सरकवून तिनं शाल्मलीसाठी जागा केली.