तुळसा टाईप

रावजी खिळे करायचा. दाराचे नव्हेत हो, छापखान्यातले! शिशाची जी अक्षरं जुळवून पान छापतात ना, ते खिळे. अक्षर आधी पोलादाच्या कांडीवर उलटं कोरायचं, ती कांडी तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसं ओतायचं. १९३१ च्या सुमारास रत्नागिरीत ही कला जाणणारा तो एकटाच होता, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला स्वतःच सांगायचा.

मुंबईहून येणारे खिळे त्याच्या डोळ्यांत सलायचे. जाड, ठोंबे, पानावर म्हशी बसल्यासारखे. त्याला हवं तसं हलकं अक्षर शेवटी घरच्याच अंगणात सापडलं. बहीण तुळसा रांगोळीनं अक्षरं काढायची. लहानपणी पाटी मिळाली रावजीला आणि हिच्या हाती आली रांगोळीची वाटी. पठ्ठीनं त्यातच बाराखडी गिरवली. रेघ केसासारखी बारीक, आणि चिमूट उचलताना टोकाला इवलीशी शेपटी.

"बाय, मी हेच कोरतो," रावजी म्हणाला.

"कोर की! पण टाईपाला नाव माझंच हवं हां, दादा."

तिचा नवरा मुंबईला गोदीत, म्हणून ती भावाकडे राहायची, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. रावजीला त्या बडबडीवाचून करमत नसे.

पहिला ळ कोरला. दोन पोटांचं ते अक्षर, महाहट्टी. कांडीचं टोक दिव्याच्या काजळीत धरून त्यानं कागदावर दाबलं. ळ असा देखणा उठला की रावजीची छाती फुगली.

दुपारी तुळसा म्हणाली, "दादा, केई पिकलीत."

"काय पिकलीत?"

"केई रे!" ती थबकली. पुन्हा म्हणून पाहिलं, तरी केईच. नारळ म्हणवेना, स्वतःचं नाव म्हणवेना. शेजारची चिमा म्हणाली, "नवऱ्याची मुंबई लागली गो हिच्या जिभेला!" आता तुळसेनं मुंबई बघितलीसुद्धा नव्हती, पण लोकांना ते पटलं.

फ कोरला, आणि तिच्या बोलण्यातला फणस गेला. मग ख गेला, ठ गेला. रावजी डोकं ठिकाणावर असलेला माणूस, त्यानं वैद्याला बोलावलं. वैद्यानं जीभ बघितली, चाटण दिलं आणि म्हणाला, जीभ ठणठणीत आहे.

रामआळीतला छापखानेवाला अयूबभाय तयार अक्षरांतून आंब्याच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या छापून बघत होता. एक चिठ्ठी घेऊन तो घरी आला.

"रावजी, काय चीज केलीस रे! लग्नाच्या पत्रिका, अत्तराच्या बाटल्या, कवितांची पुस्तकं, सगळ्यांना हेच अक्षर हवं होणार बघ." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "फक्त एक सांग. हे मनातल्या मनात वाचलं, तरी कानाशी कुणी बाई वाचते. माझी बायकोही तेच म्हणाली."

"अक्षरात जीव आहे म्हणायचा!" रावजी म्हणाला. त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. आत चुलीपाशी तुळसा भाकऱ्या थापत होती, तोंड मिटून.

एकेक अक्षर होत गेलं. सरते शेवटी तिच्यापाशी दोनच शब्द उरले, दादा आणि हो. कोरण्याचा याच्याशी काही एक संबंध नाही, असं रावजी स्वतःला बजावत होता. ते सिद्ध करायलाच त्यानं द कोरला.

जेवण वाढून तुळसा दाराशी आली. तोंड उघडलं. मिटलं. मग तिनं टाळी वाजवून त्याला बोलावलं.

रावजी कामावरून उठला. त्यानं हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकली. ह आणि त्याच्या काना-मात्रा एवढंच कोरायचं राहिलं होतं. ते कोरलं तर बहीण कायमची मुकी. न कोरलं तर साऱ्या मराठी मुलखात नसेल असा टाईप अर्धवट. त्याला घास गोड लागेना.

एका सकाळी तुळसेनंच हत्यारं खाली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. अंगणात तिनं ह काढला होता, आजवरचा सगळ्यांत सुंदर. अयूबभायची चिठ्ठी हातात घेऊन ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. तिची मान अशी ताठ, की रावजीला तिच्यात आपलंच रूप दिसलं.

"बाय, पुरा करू? मग काही म्हणजे काही बोलता येणार नाही गो तुला."

"हो," ती म्हणाली. खणखणीत.

त्यानं ह कोरला. काना कोरला. मात्रा कोरली. काजळीत धरली, दाबली.

पुढे शिसं ओतून झालं आणि अयूबभाय नमुन्याच्या कागदांचा गठ्ठा काखेत मारून आला. वरचा कागद त्यानं तुळसेच्या हातात दिला. मथळा होता: तुळसा टाईप.

तिनं तो वाचला. आनंदानं मान मागे टाकून ती हसली. खांदे गदगदले, डोळ्यांना पाणी आलं.

तोंडातून आवाज आला नाही.

हसणं ऐकू येत होतं ते अयूबभायच्या काखेतून. एका कागदातलं थांबायचं, तोवर खालच्यातलं सुरू व्हायचं.