मधमाशीचे पंख

"वहिनी, माझा शेवटचा खंड गेला हो!" म्हातारे संपादक आले ते खुर्चीत बसकलेच.

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. खऱ्या वहिनी त्या फक्त भाऊजींच्या. भाऊजी म्हणजे त्यांचे दीर, मदतनीस आणि अडथळा, सगळं एकच.

पाहुण्यांना पाहून भाऊजी तर ताडकन उठले होते. ज्ञानकोशाचे संपादक! ज्वालामुखी, घड्याळं, हाडांचे आजार, जहाजं, बुरशी... एवढं सगळं या एका माणसाने जन्मभर खपून जमवलेलं. भाऊजी त्यांचेच खंड वाचून शहाणे झाले होते, जेवढे झाले तेवढे.

खंडाचं एकुलतं एक हस्तलिखित कुलूपबंद खोलीतून नाहीसं झालं होतं. संध्याकाळपर्यंत ते छापखान्यात गेलं नाही, तर प्रकाशक ज्ञानकोशाचा गाशा गुंडाळणार होता.

"चाव्या माझ्याकडे, सहसंपादक बाईंकडे, चित्रकाराकडे आणि व्यवस्थापकाकडे. सकाळपासून मी कुणाला आत पाऊल टाकू दिलेलं नाही."

ज्ञानकोशाच्या कचेरीतल्या त्या खोलीत भिंतीवर संपादकांचाच नियम टांगला होता: चूक दिसली, की जागच्या जागी सुधारा. टेबलावर त्यांच्या सहीचं मधमाशीचं चित्र होतं. दोन पंख सुबक, शाईतले. मागचे दोन पेन्सिलीचे, अगदीच वेडेवाकडे.

"हे पेन्सिलीचे पंख काल होते?"

"छे! दोन पंख बघूनच मी संध्याकाळी सही केली आणि खोलीला कुलूप लावलं."

वहिनींनी बाहेर एकेकाला गाठलं. प्रश्न एकच. मधमाशीला पंख किती?

"दोन!" व्यवस्थापक उखडला. "चोर शोधताय की कोडी घालताय?"

"चार," चित्रकार म्हणाला. "सरांनी दोनच काढायला लावले. एवढ्या मोठ्या माणसाशी कोण वाद घालणार?"

"मग पेन्सिलीने दुरुस्त करायचे."

"शाईच्या चित्रावर पेन्सिल? त्यापेक्षा माझे हात तोडा!"

सहसंपादक बाईंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. "चार," त्या पटकन म्हणाल्या.

"डोळे लाल दिसतात, बाई."

"घरी पाहुणे आलेत. जागरण झालं."

भाऊजी कुजबुजले, "वहिनी, व्यवस्थापकच! प्रकाशकाचा माणूस तो."

"भाऊजी, तुम्ही चहा घ्या."

मग वहिनींनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "कुलूपबंद खोलीत पंख जोडले ते चोरानेच. व्यवस्थापकांच्या लेखी पंख दोनच. चित्रकारांचा हात झोपेतसुद्धा असा वाकडा चालणार नाही. संपादकांनी तर दोनांवरच सही केलेली. उरलं ते चोरी करतानाही ज्याला चूक बघवली नाही, असं माणूस."

बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला आणि त्या रडूच लागल्या. "सर, वर्षभर तुम्ही विसरताय. देवमाशाला कल्ले दिलेत तुम्ही! सही झालेल्या पानाला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. उद्या लोक तुम्हाला हसले असते, ते मला सोसलं नसतं. रात्रीत सुधारून गुपचूप ठेवणार होते. थोडी पानं राहिली."

म्हाताऱ्यांनी चित्र जवळ ओढलं. "मला सांगायचं होतंत."

"ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

वहिनी म्हणाल्या, "चोर पुष्कळ पाहिले. पाया पडावंसं वाटलं असा हा पहिलाच."

म्हाताऱ्यांनी बाईंकडे पेन्सिल मागितली. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव होतं. त्याच्या वर त्यांनी बाईंचं नाव लिहिलं.

"सर, हे काय करताय?"

"चूक दिसली," ते म्हणाले. "जागच्या जागी सुधारली."