निरगाठ

सुयश, ती शेगडी जरा इकडे सरकव. खाली बायकांचं हळदीकुंकू आटोपेपर्यंत आपल्याला घरात कोणी घेणार नाही, आणि करोल बागेतली ही गच्ची जानेवारीत माणसांनी बसावं म्हणून बांधलेली नाही. रेवती, तू खाली का नाही गेलीस? बरं, बस. पण तो मोबाइल आत ठेव. मी बोलत असताना कोणी मोबाइल बघितला की माझं डोकं फिरतं.

मघाशी हा निहार काय म्हणाला? "श्यामकाका, ऑफिसनं जीव घेतलाय, झोप म्हणून नाही." बाळा, जीव घेतलाय हे बोलायला सोपं असतं. ज्याचा खरंच घ्यायला कोणी आलं होतं, त्याची गोष्ट सांगतो. मी सरकारी नोकरीत केस पांढरे केलेला माणूस, भुताखेतांच्या नादी लागणारा नाही. पण हेरंबला तुम्ही सगळे ओळखता. मागच्या जिन्याच्या वरच्या मजल्यावरचा, चेतनाचा नवरा. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, शांत माणूस. तो तेव्हा गुडगावच्या बाजूला एका खाजगी जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांचा हात. जनावर धरायचं, पट्टी करायची, सलाइन लावायचं, रात्री वॉर्डात जागायचं, घाण काढायची. मालक डॉक्टरांना धन्यवाद देतात, आणि चावा मात्र ह्याला बसतो.

गेल्या वर्षीची लोहडीची, पंजाब्यांच्या शेकोट्यांची रात्र. तेरा जानेवारी. संध्याकाळी डॉक्टरांनी हेरंबला एक साधं काम सांगितलं. एक मेलेला कुत्रा गाडीत घालून पानिपतच्या अलीकडे एका गावात पोचवायचा. मालक चौधरी म्हणून निवृत्त फौजी. ते फोनवर म्हणाले होते, "मेरे बादल को घर भेज दो, डॉक्टर साहब. अपने खेत में खुद दबाऊंगा." म्हणजे स्वतः पुरणार.

हेरंब म्हणाला, "सर, मी कालपासून घरी गेलेलो नाही. ड्रायव्हरला पाठवा ना." अर्थात हिंदीत म्हणाला.

"ड्रायव्हर छुट्टी पे है, यार. बस आज की रात निकाल दे. और सुन, चौधरी पूछे तो बोलना, हार्ट फेल हुआ."

आता हे 'बोलना' कशासाठी, ते ऐका.

कुत्रा बांधायची ह्यांची एक रीत असते. बँडेजची लांब पट्टी घ्यायची, फास करून नाकाडावर घालायची, दोन्ही टोकं जबड्याखालून मागे नेऊन कानांच्या मागे बांधायची. म्हणजे मुसकं बांधायचं. ती मागची गाठ नेहमी सुरगाठच. काय रेवती, सुरगाठ माहीत नाही? दिल्लीत वाढलीस, सगळं विसरलीस. अगं, बुटाच्या लेसला मारतेस ती. टोक ओढलं की सुटली. आणि जी नखं तुटली तरी सुटत नाही, ती निरगाठ. सुरगाठ अशासाठी, की बेशुद्धीचं इंजेक्शन दिलं की कधीकधी कुत्र्याला उलटी होते. तोंड बांधलेलं असलं तर तो गुदमरतो. तेव्हा एका झटक्यात पट्टी सुटली पाहिजे. हेरंबनं असली गाठ हजारो वेळा मारली असेल. त्याची बोटं ती झोपेतही मारायची.

झोपेतही म्हणालो ना, ते उगाच नाही. दिवाळीनंतर तिथली दोन माणसं सोडून गेली, आणि त्यांचं काम ह्याच्या आणि मानस नावाच्या त्याच्या जोडीदाराच्या गळ्यात पडलं. रजा मागितली की डॉक्टर पाठीवर थाप मारायचे. आधी हा जनावरांशी मराठीत गप्पा मारायचा, "चल रे राजा, झालं झालं" म्हणायचा. ते बंद झालं. नुसता ओढायचा, दाबायचा. एका पहाटे चेतना आमच्या दारात रडत उभी. झोपेत हेरंबनं तिची मान काखेत आवळली होती, कुत्र्याची आवळतात तशी. ती ओरडली तरी सोडेना. मला म्हणाली, "काका, हा माणूस वाईट नाही हो. पण मला त्याची भीती वाटायला लागलीय." त्या लोहडीला सकाळीच तिनं फोनवर सांगितलं होतं. आज घरी ये आणि उद्या राजीनामा दे, नाहीतर मी माहेरी जाते. आणि तोही हो म्हणाला होता. मनापासून म्हणाला होता. त्याला ते घर गमवायचं नव्हतं.

आणि त्याच दुपारी बादल टेबलावर आला. करडा, केसाळ, वासराएवढा कुत्रा. काटेरी तारेनं मांडी फाटली होती. मालक त्याला सोडून म्हशींचं दूध काढायला गावी परतले होते. मानस जखम धुवत होता, हेरंबनं मान धरली होती. आणि धरल्या धरल्या हेरंबचा डोळा लागला. उभ्या उभ्या. क्षणभरच.

तेवढ्यात बादल वळला. त्यानं मानसचं मनगट धरलं आणि झटकलं, उंदराला झटकतात तसं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रक्त भिंतीवर. मानस किंचाळतोय, कुत्रा सोडत नाही. हेरंबनं सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि बादलच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. कुत्र्यानं मनगट सोडलं, तरीही हा घालतच राहिला. मला स्वतः म्हणाला, "काका, मी त्या कुत्र्याला मारत नव्हतो. मी सगळ्यांना मारत होतो." मग पट्टी घेतली, गुडघा मानेवर दिला, जीव खाऊन आवळली आणि गाठ मारली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

कुत्र्याला उलटी आली.

हेरंबनं टोक ओढलं. गाठ हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोटांनी निरगाठ मारली होती. कात्री त्या झटापटीत कुठेतरी उडाली होती. ती कपाटाखाली सापडेपर्यंत बादल नाकातून, डोळ्यांतून... असो. हेरंबनं पट्टी कापली तोवर उशीर झाला होता. तुकडे त्यानं स्वतः कचऱ्यात टाकले, कुत्र्याचं तोंड स्वतः पुसलं, स्वतः चादरीत गुंडाळलं.

तर हा असा माणूस रात्री गाडी घेऊन निघाला. मागे जाळीपलीकडे बादल. मूरथलच्या एका ढाब्यावर चहा-पराठा खाल्ला, चेतनाला फोन केला, "हे एवढं पोचवतो आणि येतो, झोपू नकोस." ती म्हणाली, "सावकाश चालव." हायवे सोडून तो कालव्याकडेच्या रस्त्याला लागला. दोन्हीकडे ऊस. धुकं असं, की गाडीचे दिवे बॉनेटच्या पुढे जाईनात. दूर कुठेतरी लोहडीचा ढोल वाजत होता. मग तोही थांबला.

आणि मागून श्वास ऐकू आला.

कुत्र्याचं तोंड बांधलं की तो नाकानं श्वास घेतो. बारीक शिट्टी वाजते. ह्या लोकांना तो आवाज अगदी पाठ असतो. फुस्स... फुस्स...

हेरंबनं गाडी थांबवली. झोप झालेली नाही म्हणून भास होतोय, असं स्वतःला बजावलं. खाली उतरला, मागचं दार उघडलं, टॉर्च मारला. चादर तोंडावरून सरकली होती. कुत्रा मेलेलाच होता, थंडगार, ताठ.

पण तोंडाला पट्टी होती.

तीच पट्टी. रक्ताचे डाग तेच. कानांमागे निरगाठ.

कात्री खिशात होती. तिच्या पात्यांत बादलचे केस अजून अडकलेले होते. म्हणजे आपण कापली होती. नक्की कापली होती. त्यानं पुन्हा कापली. तुकडे कालव्यात फेकले. दार लावलं, कडी घातली. गाडी सुरू केली.

रेवती, शेगडीत कोळसा टाक. नको, राहू दे. बस.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा... फुस्स.

ह्या वेळी जाळीपलीकडून नाही. सीटच्या मागून. मानेवर ओलसर वारा लागला.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मला म्हणाला, आरशात पाहायची छाती झाली नाही. ॲक्सिलेटर दाबला. आणि पाठीत धक्का बसला. सीट मोडेल असा. गाडी घसरली, रस्त्याकडेच्या शिसवाच्या झाडावर आदळली. काच फुटली. हॉर्न अडकला, वाजतच राहिला. कपाळातून रक्त. दार ढकलून हा बाहेर पडला, चार पावलं गेला...

समोर धुक्यात काहीतरी उभं होतं.

करडं. वासराएवढं.

भुंकलं नाही. भुंकणार कसं? चावलं नाही. चावणार कसं? नुसतं आलं. डोकं खाली घालून. पहिली धडक मांडीवर. हेरंब पडला. उठला. दुसरी बरगडीत. हाड गेलं... त्यानं ऐकलं. दुपारी ऐकलं होतं तसंच. पुन्हा धडक. पुन्हा. थांबेना. हा कोणाला तरी हाका मारू पाहतोय, आणि ते घालतच राहिलंय. जसं ह्यानं घातलं होतं.

मग छातीवर वजन आलं.

फुस्स...

आणि मग... नाकाडावर काहीतरी फिरलं. मऊ. बँडेजची पट्टी अंगाला कशी लागते, ते ह्याच्याइतकं कोणाला ठाऊक? फास पडला. जबड्याखालून गेला. कानांच्या मागे... आवळला. दात दातांवर बसले. ओठ फाटले.

ओरडता येईना.

आणि पोटातून पराठा वर आला.

तोंड बंद. नाकात भरलं. घशात भरलं. बोटं कानांमागे गेली, गाठ चाचपू लागली. बोटं थंडीनं बधिर. गाठ सापडेना. श्वास... नाही. डोळ्यांपुढे टेबल आलं. वरचा दिवा. वाकलेला एक माणूस. तो माणूस हेरंब होता. टेबलावर... टेबलावर हाच.

तेव्हा त्याला कळलं, म्हणाला, की बादलला काय झालं होतं.

मग काही नाही.

...

अडकलेल्या हॉर्ननं त्याला वाचवलं. शेत तिथून जवळच होतं. चौधरी खड्डा खणून शेकोटीशी वाट बघत बसले होते. आवाज ऐकून ट्रॅक्टर घेऊन आले. रस्त्यात हा निळा पडलेला, तोंड बांधलेलं. त्यांनी पट्टी सोडली, उपडा केला, पाठीत गुद्दे घातले. तेव्हा श्वास आला. गाडीच्या मागच्या दाराची कडी जशीच्या तशी लावलेली होती. आत बादल चादरीत नीट गुंडाळलेला, तोंड स्वच्छ. त्याला त्यांनी त्याच रात्री पुरलं.

चेतनाला घेऊन सकाळी मीच पानिपतच्या इस्पितळात गेलो. चार बरगड्या, एक मांडी. पोलिसांनी लिहिलं, अपघात आणि लुटारू. लुटलं तर काहीच नव्हतं. हेरंबच्या उशाशी चौधरी बसले होते, हातात घोंगडी. आणि आमच्या देखत हेरंबनं त्यांना सगळं सांगितलं. हार्ट फेलची थाप नाही. डोळा लागला ते, स्टँड, निरगाठ, कात्री, सगळं. चेतना त्याचा हात धरून होती. मी मनात म्हणालो, आता हा फौजी ह्याला इथेच झोडतो.

चौधरींचे डोळे वाहत होते, पुसत नव्हते. मग म्हणाले, "कितने दिन से सोया नहीं था तू?"

हेरंब नुसता रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. त्यानंतर तो त्या दवाखान्यात परत गेला नाही. आता दिवसाची नोकरी करतो, रात्री झोपतो. चेतना खाली वाण वाटतेय, बघितलीत ना मघाशी.

हो, सांगतो. तेवढंच राहिलं. निघताना चौधरींनी खिशातून ती पट्टी काढून पलंगावर ठेवली. मला म्हणाले, "आप पढ़े-लिखे हो, भाईसाहब, आप देखो. अँधेरे में मेरी उँगलियाँ भी जमी हुई थीं. मैंने बस एक सिरा खींचा, और खुल गई."

एक टोक ओढलं, आणि सुटली. म्हणजे कानांमागे निरगाठ नव्हती. सुरगाठ होती. नीट, शिकवल्यासारखी मारलेली. म्हणून हेरंब आज जिवंत आहे.

मी ती पट्टी उजेडात धरून पाहिली. मधला भाग हेरंबच्या रक्तानं भरला होता. दोन्ही टोकं मात्र कोरडी, आणि चुरगळलेली. गाठ मारताना जिथे माणूस बोटांनी धरतो ना, बरोबर तिथे...

दातांच्या खुणा होत्या.