पखुर्डीचं पाणी

फिलिप, आधी चहा घे. मआमीरच्या कॅम्पवरून बस बदलत आलायस, तोंड बघ कसं उतरलंय. दादा आत झोपलाय, ताप अजून आहे. अँजेलिना त्याच्या उशाशी बसून चित्रं काढतेय. तो कोपऱ्यातला दिवा तेवढा राहू दे, ट्यूब नको लावूस, उजेड त्याच्या डोळ्यांना सहन होत नाही.

आल्यापासून तू गाल फुगवून आहेस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. आई गेली आणि थोरला मुलगा मातीला आला नाही. अख्ख्या वसईने नावं ठेवली. इथे आखातात माणूस वर्षभर लीव्हच्या आशेवर तर जगतो, आणि तुझा दादा सात वर्षांत एकदाही घरी गेला नाही. कुणी म्हणतं पैशाला चिकटला, कुणी म्हणतं बायकोने डांबून ठेवला. म्हणोत बापडे. परवा तू तिकिटांचं बोललास म्हणून मी सगळं सांगते. मला हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी हसून उडवून लावलं असतं.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. आम्ही तेव्हाही इथेच, मुहर्रकच्या याच माडीवर राहायचो. खाली घरमालक नजीब आणि त्यांची बायको मसूदा. तुझा दादा, युस्टेस, एअरपोर्टवर कार्गोला होता. आमची अँजेलिना नुकती रांगायला लागली होती आणि हाताला येईल ते तोंडात घालायची. नजीबची जनाबियाला खजुराची बाग होती. आता तिथे बंगले झालेत, तेव्हा बाग संपली की नुसता माळ आणि वाळू. एका शुक्रवारी सुट्टी होती म्हणून नजीब म्हणाले, चला शिकारीला, सकाळच्या वेळी बागेतल्या हौदावर माळावरची पाखरं, पखुर्ड्या, उतरतात. तुझ्या दादाला काय, तेवढंच हवं होतं. तुम्ही दोघं भाऊ लहानपणापासून बाबांबरोबर खाजणात बदकं मारत हिंडलेले. मी फ्लास्क, बाळाची बाटली, दुपटी असं सगळं पिशवीत भरलं आणि कुरकुरत गाडीत बसले.

जूनमधली सकाळ तुला पुढच्या वर्षी कळेल. ऊन असतं पण सूर्य दिसत नाही, सगळीकडे दुधाळ वाफ भरून राहते. खजुराच्या झाडांचे शेंडे तेवढे वर तरंगत होते. हौदाचं पाणी झऱ्याचं, गोडं. शेवाळाचा आणि पिकल्या खजुराचा वास येत होता. मसूदाने चटई अंथरली, मला कहवा दिला. दूर कुठेतरी मोटारपंप धडधडत होता. मला पेंग येत होती.

नजीबची बंदूक नवी होती, इंग्लंडहून आणलेली. तुमच्या बाबांच्या दुनळीत नळ्या शेजारी शेजारी होत्या ना, हिच्यात एकावर एक. खालची आधी उडते, वरची मागून. पण चाप एकच. नजीबने ते समजावून सांगितलं आणि युस्टेसने मान डोलावली. तुमच्या घरात सगळे मान छान डोलावतात.

"एक ही, युस्टेस," नजीब म्हणाले. "पानी पे एक ही लेते हैं. पहले पीने देना, फिर उठे तब. यल्ला, चलो."

पखुर्ड्या आल्या. आधी आवाज आला, कुणी तोंडात पाणी धरून घशाशी खुळखुळावं तसा. मग वाफेतून त्या उतरल्या, कबुतराएवढ्या, वाळूच्याच रंगाच्या. बाकीच्या घाईघाईने चोची बुडवून प्यायल्या. एक नर मात्र पाण्यात जाऊन चक्क बसला. अंड्यावर कोंबडी बसते तसा बसला, पोट हलवत राहिला. मला गंमत वाटली. मी अँजेलिनाला उचलून दाखवलं, बघ गं, आंघोळ करतोय.

तो उठला, जड होऊन उडाला, आणि युस्टेसने बार काढला. नर खाली आला.

पुढे जे झालं ते तुलाच बरोबर समजेल. बाबांची ती खोड आठवते ना? बार झाला की तोच चाप पुन्हा एकदा ओढून बघायचा, नळी रिकामी असल्याची खात्री करायची आणि मगच बंदूक मधे मोडून उघडायची. तुम्हा दोघांना त्यांनी तेच शिकवलं होतं. बाबांच्या त्या दोन चापांच्या बंदुकीत त्याने काही बिघडत नाही, दुसऱ्या नळीचा चाप वेगळा. युस्टेसने सवयीने चाप पुन्हा ओढला. वरची नळी उडाली. पडलेल्या नराकडे एक मादी वळून परत येत होती, नेमकी समोर. तीही पडली.

 पंपाचा आवाज त्या वेळी थांबला होता, असं मला वाटतं. नजीबने पुढे होऊन दोन्ही पाखरांच्या गळ्यावर सुरी फिरवली, सुरी पुसली आणि युस्टेसच्या हातातून बंदूक काढून घेतली.

"खलास," ते म्हणाले. रागाने नाही, थकून म्हणावं तसं. नराला उलटं धरून त्यांनी पोट दाबलं. पिसांतून पाणी गळलं, किती तरी. "बाप पेट भिगा के ले जाता है. बच्चे उधर बैठे होंगे, रेत में. इस में से चूसते हैं."

"किधर?" युस्टेसने विचारलं.

नजीबने माळाकडे हात केला. माळावर वाफेशिवाय काही नव्हतं. तरी तुझा दादा दुपारपर्यंत त्या वाळूत ओणवा होऊन शोधत हिंडला. त्याला काही सापडलं नाही.

पक्षी नजीबने ठेवून घेतले नाहीत, आम्हालाच दिले. वर्तमानपत्रात गुंडाळले, तर कागद भिजून फाटला, गाडीची सीट भिजली. घरी येऊन मी पिसं काढली, बॉटल मसाला घालून रस्सा केला. तो रस्सा आटेना. मोठ्या आचेवर ठेवला तरी पातेल्यात होता तेवढाच राहिला. आम्ही तसाच पातळ खाल्ला. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून अँजेलिनाने पिणं सोडलं.

दूध नाही, पाणी नाही, अंगावरचंही नाही. चमचा ओठाला लावला की मान फिरवायची. रडत नव्हती रे, तेच भयंकर होतं. तोंड उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दाराकडे बघायची. हॉस्पिटलात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई आपल्या पुण्याच्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, घसा ठीक, पोट ठीक, सगळं ठीक आहे, फक्त ही पीत नाही. सलाईनवर टवटवी यायची आणि घरी आणलं की पुन्हा तेच. टाळू खोल गेली. डोळे आत गेले. मी रोझरी हातातून खाली ठेवत नव्हते आणि मनातून देवाला शिव्या घालत होते. माझं एकुलतं एक लेकरू माझ्या डोळ्यांदेखत सुकत चाललं होतं.

मग एका सकाळी, बांग होऊन गेली होती, उजाडत होतं. मी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं होतं. पलंगावरून आवाज आला. चुक्... चुक्...

जाऊन पाहिलं तर युस्टेस उताणा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि अँजेलिना त्याच्या छातीवर पालथी. त्याच्या बनियनला तोंड लावून ती चोखत होती. बनियन गळ्यापासून पोटापर्यंत ओलं. मला वाटलं, घामच. हात लावला तर गार. वास घेतला. शेवाळाचा आणि खजुराचा वास. तुला ठाऊक आहे आपल्या नळाचं पाणी कसं मचूळ येतं ते. हे गोडं होतं.

त्याच्या पायांना वाळू लागली होती. दाराची कडी आतून होती तशीच.

"कुठे गेला होतास?" मी विचारलं.

"झोपलो होतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "स्वप्नात चालत होतो... छाती जड झाली होती. घाई होती गं फार."

जनाबिया इथून गाडीने किती लांब ते तू बघितलंस. मधे समुद्रावरचा तो रस्ता. माणूस चालत निघाला तर जाऊन यायला दिवस मोडेल. हा दूध उतू जायच्या आत जाऊन यायचा. रोज. मी ठरवून जागी राहायचे, त्याच्या मनगटाला माझी ओढणी बांधायचे, पण पहाटेच्या त्या वेळी डोळे जड व्हायचे, माझ्याभोवती ती दुधाळ वाफ दाटल्यासारखं वाटायचं, आणि डोळे उघडले की तो ओल्या छातीने आलेला असायचा. अँजेलिना फक्त तेच प्यायची. तिचे गाल भरले. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, फिलिप. पाणी कुठलं आहे, हे मी देवाला विचारलं नाही.

विचारायला हवं होतं, कारण युस्टेस वाळत चालला. ओठ फुटले, कातडं रापून वाळूच्या रंगाचं झालं. आणि एक दिवस बनियन निम्मंच ओलं होतं. अँजेलिना चोखून चोखून रडली.

"आज कमी आणलंस," मी म्हटलं. बघ, मी कशी बोलले ते. जणू दूधवाल्याशीच बोलत होते.

"रस्त्यात थांबावं लागलं," तो म्हणाला. "तिकडचीही आहेत ना... तोंडं उघडी ठेवून बसलेली. त्यांना टाकून पुढे कसं यायचं?"



पुढे अँजेलिनाला दात आले, ती वाटीने पाणी प्यायला लागली. एका सकाळी तिने माझ्या हातातला पेला ओढून घेतला आणि घटाघटा प्यायली. मी रडले, हसले, खाली जाऊन मसूदाला मिठी मारली. मला वाटलं, सुटलो.

तरी दुसऱ्या दिवशी युस्टेसच्या पायाला वाळू होतीच. बनियन मात्र कोरडं. कोरडं, चुरगळलेलं, आणि पोटावर जागोजागी चोखून विरलेलं. आता सगळं पाणी तिकडेच संपत होतं. तेव्हापासून कालपर्यंत हेच चाललं. पहिल्या वर्षी मी लीव्हची तिकिटं काढली तर हा एअरपोर्टवरून परत आला. म्हणाला, "महिनाभर त्यांना कोण देणार?" आई गेल्याची तार आली तेव्हा भिंतीला डोकं लावून रडला, उशी भिजवली, पण गेला नाही. तुझ्या आईवर त्याचं प्रेम नव्हतं असं पुन्हा म्हणू नकोस.

मी भांडले. म्हटलं, सात वर्षं झाली, पाखरं ती, एका उन्हाळ्यात मोठी होतात. अजून काय पाजतोस त्यांना?

 तो हळूच म्हणाला, "ती वाढत नाहीत, कॅरोलिन."

...नाही, थांब. चहा सांडशील. पेला खाली ठेव.

तू परवा म्हणालास, वहिनी, आपण दादाला उचलून विमानात घालू, औषधपाणी वसईला करू. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. मला माझा नवरा परत हवा आहे, त्याला माडाखाली पाय पसरून बसलेला बघायचा आहे. काल बॅगसुद्धा काढली. पण काल रात्री त्याचा ताप चढला, आणि आज उजाडताना तो उठायला गेला तर पायांत त्राणच नव्हतं. पहिल्यांदाच रे, सात वर्षांत. लहान मुलासारखा रडायला लागला. "आज ती तशीच बसतील... उन्हात..." मी त्याला दोन्ही हातांनी दाबून धरला होता. आमच्या आवाजाने अँजेलिना उठून दारात आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र शाळेतल्यासारखं.

"डोन्ट क्राय, डॅडी," ती म्हणाली. "आय नो द वे."

मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं... आणि डोळे जड झाले. खोलीभर ती वाफ.

दूध उतू गेल्याच्या वासाने मी जागी झाले. युस्टेस माझ्या हातातच होता, तापाने फणफणलेला, बनियन कोरडं ठणठणीत. अँजेलिना उंबऱ्यात उभी होती. पायांना वाळू. फ्रॉकचा पुढचा भाग कोरडा, चुरगळलेला, जागोजागी चोखलेला. मी धावत जाऊन तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीमागे हात घातला.

पाठ ओलीचिंब होती, फिलिप. मानेपासून कमरेपर्यंत गार, आणि वाळूच्या रंगाचं एक पीस चिकटलेलं. कुणीतरी तिला भिजल्या छातीशी घट्ट धरून घरापर्यंत आणून सोडलं होतं.