भर उन्हात शून्य व्होल्ट

आष्टीच्या बसस्टँडमागे माझं दुकान आहे. सोलर पॅनेल, बॅटऱ्या, टॉर्च, रानडुकरांसाठी कुंपणाला लावायची झटका मशीन, असलं सगळं दुरुस्त करते. बचतगटाने शिकायला पाठवलं तेव्हा आम्ही अकरा बायका होतो. धंद्यात टिकले मी एकटी. गिऱ्हाईक काहीही सांगो, मी आधी मीटर लावते. मीटरला कुणाची भीड नसते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दगडाबाईमामी आल्या. गावाबाहेरच्या माळावर त्यांचं मेंढरांचं बिऱ्हाड होतं. बंकटमामा बांधावरून घसरले, पाय मोडला, म्हणून सोबतचे कळप पुढे गेले आणि ही दोघं मागे राहिली. मामींनी काखेतलं पाटीएवढं पॅनेल काउंटरला टेकवलं.

"कावून भरंना गं ही बॅटरी? तीन दिस झाले, मोबाईल बंद हाय. तिकडं लेक फोन लावून लावून येडी व्हईल."

दुकानासमोरच्या उन्हात मी पॅनेल धरलं. एकवीस व्होल्ट. वायर ठीक, बॅटरीही ठीक. मी तसं सांगून परत दिलं. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा मीच स्कूटीवर माळावर गेले.

दुपारचे बारा वाजले होते. बाभळीखाली खाट, खाटेवर पायाला प्लास्टर घातलेले मामा. तिथून दहा पावलांवर, मेंढरांच्या जाळीशेजारी, उघड्या उन्हात पॅनेल ठेवलेलं. मी मीटर लावलं.

शून्य.

सावलीत ठेवलं तरी पॅनेल पंधरा-सोळा व्होल्ट दाखवतं. शून्य येतं ते फक्त काळ्याकुट्ट अंधारात. मी काचेवर हात ठेवला. एप्रिलच्या उन्हात ती काच पोळायला हवी. ती रांजणाच्या बुडासारखी गार होती.

पॅनेल उचलून दोन पावलं बाजूला नेलं. एकवीस. परत जागेवर ठेवलं. शून्य. मीटरचा सेल बदलला, वायर बदलली, फरक पडला नाही. सगळ्या बाजूंनी मोजत फिरले. जेमतेम एक माणूस उभा राहील एवढीच ती जागा होती.

"तितं मेंढरं बी बसत न्हाईत," खाटेवरून मामा म्हणाले.

मी तिथे खूण म्हणून एक धोंडा ठेवला, पॅनेल खाटेपासून पाच पावलांवर मांडलं, आणि कारण न सांगता निघून आले. कारण माझ्याकडे नव्हतंच.

चौथ्या दिवशी मामींचा फोन आला. "पुना भरंना."

धोंड्याच्या जागी आता एकवीस व्होल्ट होते. शून्य होतं ते खाटेपासून पाच पावलांवर, पॅनेलच्या नव्या जागी.

मामांनी गळ्यापर्यंत घोंगडं ओढलं होतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि त्यांचे ओठ निळसर पडलेले. मोडका पाय तर चांगला भरून येत होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"पोरी, उनाच्या आड कोन हुबंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, मामा."

"हाय. रोज जरा जवळ येतंय. सरक म्हनलं तर सरकत न्हाई."

मी आणि मामींनी मिळून खाट बाभळीच्या दुसऱ्या अंगाला नेली. मी पुन्हा मोजत फिरले. खाटेपासून चार पावलांवर शून्य लागलं.

"पॅनेल बाद झालंय, मामी. बदलून देते."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "पॅनेल चांगलं हाय. मला कळतंय, पोरी. माज्याशी खोटं नगं बोलूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाशेजारच्या प्रवीणचा टेम्पो सांगून आणला. मामांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मागे गादी टाकून त्यांना झोपवलं, दोन्हीकडे मामी आणि मी बसलो. पॅनेल मी मुद्दाम बरोबर घेतलं होतं. ते मामांच्या पायाशी उन्हात ठेवून मीटर मांडीवर धरलं.

एकवीस. माळ मागे पडला. एकवीस. डांबरी रस्ता लागला. वीस, एकवीस. माझ्या जिवात जीव आला. मामींनाही तसं सांगितलं. त्यांनी पदराने मामांचं तोंड पुसलं.

पुलाचा चढ लागला.

शून्य.

मामांनी डोळे उघडले. कुणाकडे तरी बघितलं. मग मोडक्या पायासकट कण्हत कण्हत ते कडेला सरकले, एसटीत दुसऱ्याला जागा करून देतात तसे.

"बस," ते म्हणाले.

दवाखाना यायच्या आतच ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. जाऊन किती तास झाले, असं त्यांनी मला विचारलं. वीस मिनिटं म्हटल्यावर त्यांनी मामांचा हात पुन्हा चाचपून बघितला.

दहावा झाल्यावर मी माळावर गेले. मीटर नेलं नव्हतं. मे लागला होता, दुपारचा एक वाजला होता. मामी पालाच्या तोंडाशी चुलीवर भाकरी थापत होत्या.

"लेकीकडे जा, मामी. आजच. मी सोडते."

"मेंढरं कोन बगंल?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "आन जाऊन जाऊन कुटं जाऊ? टेम्पोत न्हेलं तं काय झालं?"

पाणी प्यायला म्हणून बाभळीखालच्या माठाकडे वळले, तर वाटेतच चप्पल ओली झाली. खाली बघितलं. सगळा माळ भाजून निघत होता आणि तेवढ्याच टीचभर जागेतल्या वाळल्या गवतावर दव पडलं होतं. पहाटे पडतं तसं, पांढरंशुभ्र.

त्यात दोन पावलांच्या ठशांएवढी जागा कोरडी होती. बोटं मामींच्या चुलीकडे.