मांडीवरचा प्रेक्षक

शाल्मली इंगवलेने बोट रुंजीच्या नाकाखाली धरलं. उबदार झुळूक आली, गेली, पुन्हा आली. मग तिने मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकीची कानटोपी चाचपली, आवाजमापकावरचा आकडा तिसऱ्यांदा तपासला आणि अखेरीस हातातल्या पडद्याकडे पाहिलं.

आकडा वाचून तिला वाटलं, यंत्र बिघडलं.

कोल्हापूरबाहेरच्या माळावरची ‘श्वासशाळा’ दिसायला साध्या एकपडदा थिएटरसारखी होती. फक्त तिथल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीत नखाएवढा श्वासवेधक बसवलेला होता. मागच्या प्रेक्षकाने सोडलेल्या हवेतला कर्बवायू तो टिपायचा आणि त्यावरून त्या प्रेक्षकाच्या श्वासाची लय काढायचा. आज चाळीस प्रेक्षक ‘आगकडा’ हा अजून न लागलेला सिनेमा पाहत होते. शाल्मली शेवटच्या रांगेमागे, तंत्रज्ञांच्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. पाळणाघराला सुट्टी होती आणि चाचणीला लहान मुलं आणायची नाहीत असा शाळेचा नियम होता. पण डॉ. मुल्ला म्हणाले होते, “आण की आत. तिला कुठं खुर्ची लागणार हाय?”

सिनेमा संपला. लोक डोळे चोळत बाहेर पडले. दिग्दर्शक जयकर पाटणे दाराशी उभा होता. डोळे चोळणारी माणसं बघून तो धावतच आत आला.

“रडले, मुल्लासर! माझ्या शेवटाला सगळं थिएटर रडलं!”

“थांबा, रडणं आम्ही मोजत नाही,” डॉ. फिरोज मुल्ला म्हणाले. श्वासशाळा त्यांनी उभी केली होती. चष्मा कपाळावर सरकवून ते आलेख न्याहाळत होते. “शाल्मली, आकडा सांग त्यांना.”

“श्वासैक्य एक्क्याण्णव.”

“म्हंजे चांगलं का वाईट?”

मुल्लांनी त्याला खुर्चीत बसवलं. “नाटक संपल्यावर टाळ्या पडतात, ते ऐकलंयसा? आधी नुसता गोंधळ. मग कोणी सांगत नाही, तरी सगळ्या टाळ्या एका ठेक्यात येतात. माणूस शेजाऱ्याची लय उचलतो, त्याच्याकडून त्याचा शेजारी. श्वासाचंही तसंच. सिनेमात माणसं गुंतली की हळूहळू एकत्र श्वास घ्यायला लागतात. सगळे तंतोतंत एकत्र असले तर शंभर.”

“आणि त्याचा गल्ल्याशी काय संबंध?”

“गल्ल्याचा विक्रम एकदा बघणाऱ्यांच्या जिवावर होत नाही,” शाल्मली म्हणाली. “एकदा बघायला कुणीही येतं, जाहिरात बघून येतं. विक्रम मोडतात ते परत येणारे. आणि ज्या खेळात लोकांचे श्वास जुळले, त्या सिनेमाला ते परत येतात. आजवरचे सगळे विक्रमी सिनेमे सत्तरच्या वर होते.”

“आणि मागच्या महिन्यात माझा किती होता?”

“एकेचाळीस.”

जयकरने मांडीवर थाप मारली. “गाणं कापलं ना मी मधलं! संकलक नको म्हणत होता. आता बघतो त्याच्याकडं!”

मुल्ला हसले, पण ते हसू शाल्मलीला ओळखीचं होतं. सुटका झालेल्या माणसाचं. श्वासशाळेचे मागचे दोन्ही अंदाज सपशेल चुकले होते. तिसरा चुकला की निर्मात्यांचं मंडळ शाळेला टाळं लावणार आणि तिथे मंडपाचं सामान ठेवणार, हे ठरल्यात जमा होतं. शाल्मलीला दुसरी नोकरी मिळाली असती, नाही असं नाही. पण लेकीला मांडीवर घेऊन बसता येईल अशी प्रयोगशाळा उभ्या देशात दुसरी नव्हती.

एक्क्याण्णवाच्या भरवशावर निर्मात्याने राज्यातली जवळजवळ सगळी थिएटरं दिवाळीसाठी धरली. वर्तमानपत्रांत छापून आलं. आणि शाल्मलीने, काळजीपोटी, आणखी एक चाचणी घेतली. तिचा स्वभावच तो. झोपलेल्या बाळाचा श्वास दर थोड्या वेळाने तपासणारी बाई आकडा एकदाच तपासून गप्प कशी बसणार?

आकडा आला बेचाळीस.

तिने वेधक पुसले, तारा तपासल्या, माणसं बदलली. पुन्हा बेचाळीसच. मुल्लांनी चहा तसाच गार होऊ दिला. “मंडपाचं सामान ठेवायला जागा चांगली आहे म्हणा,” ते म्हणाले, आणि त्यावर दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही.

उत्तर सापडलं ते रविवारी दुपारी, घरी. “तू जरा पड, मी बघतो हिला,” असं म्हणून रणजितने, तिच्या नवऱ्याने, रुंजीला शेजारी घेतलं होतं. दहा मिनिटांनी शाल्मली डोकावली तर बघणारा आधी झोपलेला आणि लेक त्याच्या दंडावर. सवयीने तिने रुंजीच्या नाकाखाली बोट धरलं. मग काय वाटलं कोण जाणे, दुसरं बोट नवऱ्याच्या नाकाखाली.

बाळाचे दोन श्वास, त्याचा एक. बाळाचे दोन, त्याचा एक. जराही चुकत नव्हतं. उभ्या उभ्या तिला स्वतःलाच जांभई आली, आणि जांभई अर्ध्यावर असतानाच ती ओरडली, “अगं बाई!”

“काय झालं? पडली?” रणजित धडपडून उठला.

“नाही, नाही. झोप तू. नको, उठ. गाडी काढ, शाळेत जायचंय.”

मुल्लांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. जयकरलाही बोलावलं होतं. तो दारातच टेकून उभा राहिला.

“जाग्या माणसाचा श्वास सारखा डगमगतो,” शाल्मली सांगत होती. “झोपलेल्या बाळाचा नाही. अख्ख्या थिएटरात तेवढी एकच लय स्थिर असते. मग शेवटच्या रांगेने ती उचलली, त्यांच्याकडून पुढच्यांनी. सर, एक्क्याण्णव आले त्या दिवशी रुंजी आत होती. बाकीच्या दिवशी नव्हती.”

“पण मग आपल्या आलेखात ती दिसायला हवी होती.”

“कशी दिसणार? आपण खुर्च्या मोजतो. तिला खुर्ची नाही, तिकीट नाही. आपल्या लेखी ती थिएटरात नव्हतीच.”

मुल्लांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तीस वर्षं ते सिनेमाच्या धंद्यात होते. मांडीवरचं मूल तिकिटात धरत नाहीत, हे त्यांनाही इतकं अंगवळणी पडलं होतं की विज्ञानातही ते त्यांनी धरलं नव्हतं.

“एक मिनिट,” जयकर म्हणाला. “माझ्या सिनेमात डोंगर फुटतोय, कडे कोसळतायत, आणि पोरगी झोपली?”

“तुम्ही सिनेमाभर डोंगराची ती खालच्या पट्टीतली घरघर ठेवलीय ना? पोटात असताना बाळं तसलंच काहीतरी ऐकत असतात. मी आवाज मोजूनच बसले होते. मागे, कानटोपी घालून, तो बाळाला त्रास होण्याइतका नाही. पाच मिनिटांत डोळे मिटतात.”

“म्हंजे मी दीड वर्ष खपून अंगाई केली!”

“पाटणे, ओरडू नका, ती उठेल,” मुल्ला म्हणाले, कारण रुंजी तेव्हाही शाल्मलीच्या खांद्यावर होती. “माणसं बोलावतो, हिला घेऊन आजच एक चाचणी लावू.”

आकडा आला नव्वद.

आता प्रश्न उरला होता एकच. सगळ्या थिएटरांत झोपलेली बाळं आणायची कुठून? आपल्याकडे सिनेमात मूल कुरकुरलं की अंधारातून आवाज येतो, ‘ओ बाई, पोराला भायेर न्या!’ ती बाई उठते, बाहेरच्या बाकावर बसते, आणि पुढची दोन-तीन वर्षं सिनेमाला जात नाही. शाल्मली स्वतः बाळंतपणानंतर श्वासशाळेबाहेर कुठल्याच थिएटरात गेली नव्हती.

“आणायची कशाला?” ती म्हणाली. “येतील की आपणहून. फक्त या म्हणायला हवं.”

जयकरने आधी साफ नकार दिला. फुटत्या डोंगराच्या जाहिरातीवर ‘बाळाला घेऊन या, कानटोपी आम्ही देऊ’ असं छापणं त्याला जिवावर आलं होतं. पण थिएटरं धरून झाली होती. मागच्या रांगा आयांसाठी राखल्या, आवाजाची मर्यादा शाल्मलीने स्वतः फिरून ठरवून दिली, आणि दिवाळीच्या पाडव्याला ‘आगकडा’ लागला.

पहिल्या दिवशी आया आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नणंदा, जावा, सासवा. मग ज्यांच्या घरात बाळ नाही असेही. आठवड्याने ते सगळे परत आले. त्यानंतर पुन्हा. मराठी सिनेमाचा आजवरचा तिकीटविक्रीचा विक्रम तिसऱ्या आठवड्यात मोडला, आणि चौथ्यात त्याच्या दुप्पट तिकिटं गेली. मंडळाने श्वासशाळेला हार पाठवला आणि वर आणखी पाच वर्षांची मुदत दिली. मुल्लांनी पेढे वाटले. शाल्मलीने पेढा खाण्याआधी मुदतीचं पत्र दोनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी जयकर आला. विक्रम केलेल्या माणसासारखा तो चालत नव्हता.

“काय झालं ओ?” मुल्लांनी विचारलं.

“शाहूपुरीत थिएटरच्या दाराशी उभा राहिलो. लोकांना विचारलं, शेवट कसा वाटला? एक काका म्हणाले, तोच बघायला परत आलो होतो, पण आजबी राहिला. एक पोरगी म्हणाली, नायक मरतो का ओ? चौथ्यांदा बघून आली होती ती! एक मावशी म्हणाल्या, बाळा, असं मन शांत करणारा सिनेमा बघितला नव्हता कधी. मन शांत करणारा, सर! माझा आगकडा!”

शाल्मलीने रुंजी आत होती त्या दोन्ही चाचण्यांचे आलेख पडद्यावर लावले. मध्यंतरानंतर श्वासांच्या रेषा एकमेकींवर बसत जात होत्या. शेवटच्या वीस मिनिटांत तर सगळ्यांची मिळून एकच जाड रेषा उरली होती.

“ही तल्लीनता नाही,” ती हळूच म्हणाली. “झोप आहे. तल्लीन माणूस आणि झोपलेला माणूस आपल्या वेधकाला सारखेच. बाळ झोपलेलं, त्याची लय सगळ्यांनी उचलली. मग झोपही उचलणारच.”

“आणि शेवट बघायचा राहिला म्हणून परत येतात,” मुल्ला म्हणाले. “परत आले की परत झोपतात. अंदाज बरोबर, कारण चुकलं.”

“पण त्या चाळीस जणांनी मला सांगितलं होतं, शेवट अप्रतिम!” जयकर म्हणाला.

“दिग्दर्शक दाराशी उभा असताना ‘झोपलो होतो’ असं कोण सांगेल?” मुल्ला म्हणाले.

जयकरने मान वर केली. “सर, खरं सांगा. तुम्ही शेवट पाहिलाय?”

मुल्लांनी चष्मा पुसायला घेतला.

“ताई, तुम्ही?”

“मी रुंजीकडे बघत होते,” शाल्मली म्हणाली. आणि मग, प्रामाणिकपणे, “त्या दिवशी घरी गेल्यावर मला फार ताजंतवानं वाटलं होतं.”

मग आधी जयकरच फुटला. तो इतका हसला की रुंजी दचकून जागी झाली आणि तीही हसायला लागली.

“चला,” तो डोळे पुसत म्हणाला. “एका तरी माणसाला शेवट दाखवणारच मी. उद्या तुम्ही माझ्याशेजारी बसायचं, ताई. डोळा लागला की चिमटा काढतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला थिएटर गच्च भरलं होतं. मागच्या रांगांत दुपट्यांची हालचाल, दुधाचा वास, कुणाचा तरी खुळखुळा. दिवे गेले. डोंगराची घरघर सुरू झाली आणि एकामागून एक बाळं गप्प झाली. रुंजीचे डोळे मिटले. शाल्मलीने नेहमीप्रमाणे बोट तिच्या नाकाखाली धरलं आणि पडद्यावर नजर रोखली.

मध्यंतरापर्यंत ती ताठ बसली. मध्यंतरानंतरही. नायक कड्याच्या पायथ्याशी पोहोचला तेव्हा तिने विजयाने जयकरकडे पाहिलं.

जयकरची मान छातीवर पडली होती. रुंजीचे दोन, त्याचा एक.

शाल्मलीने त्याला चिमटा काढला नाही. तिने कान दिला. पुढची रांग, त्यापुढची, भिंतीकडचे लोक, सगळे एकाच वेळी श्वास आत घेत होते आणि एकाच वेळी सोडत होते. तिच्या लेकीचा श्वास चालू आहे की नाही, हे आता शेकडो माणसं तिला सांगत होती. रुंजी जन्मल्यापासून पहिल्यांदा तिने बोट काढून घेतलं आणि हात पदराखाली ठेवला.

पडद्यावर आगकड्याने पहिली ठिणगी टाकली. शेवट बघायला पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागणार, एवढं तिच्या मनात आलं, आणि तिचे डोळे मिटले.