कोर्लईच्या होडीतली स्पॅनिश

रेवदंड्याच्या धक्क्यावर कोर्लईची होडी सुटत होती. मी धावत उडी मारली ती थेट एका वांग्यांच्या टोपलीत! टोपलीवाला शेजारच्या मावशीला कसल्याशा भाषेत काही म्हणाला आणि दोघं खुदकन हसली.

"माझ्याबद्दल बोललात ना? मराठीत बोला!"

"म्हटलं, पोरगी घाईत हाय... पन दिसते छान."

मी राग गिळला. कारण मी निघालेच होते ती भाषा शिकायला. मुंबईच्या फोर्टातल्या एका कंपनीला स्पॅनिश पत्रं टाइप करणारी मुलगी हवी होती. होळीच्या आत नोकरी लागली नाही तर नागावच्या बिजवराला होकार, असं आबांनी बजावलं होतं. आणि आमच्या चौलात सगळ्यांची समजूत, की कोर्लईचे किरिस्ताव बोलतात तीच फिरंग्यांची भाषा.

"मला तुमची स्पॅनिश शिकवाल?"

टोपलीवाल्यानं मावशीकडे चोरून पाहिलं. "शिकवीन की! मी जेरोम."

मग दर बाजाराच्या दिवशी होडीतच शिकवणी. मावशी मध्ये बसून डुलक्या काढायची. दोन, तीन, पाच म्हणजे दोय, त्रेय, सिंक... माझी जीभ अडखळायची. "ओठ असे कर," तो म्हणायचा, आणि मी त्याच्या ओठांकडेच बघत राहायचे. शब्द गेला उडत!

होळीला तीन आठवडे उरले आणि कंपनीनं नमुन्याचं पत्र धाडलं. मी ऐटीत त्याच्यापुढे धरलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"केसर... ही आमची भाषा न्हाय. आमची पोर्तुगीजांची."

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. पन सांगितलं असतं तर तू पुन्हा होडीत बसली असतीस?"

"मेल्या, माझ्या जन्माचं वाटोळं करायला निघालास!" मला रडू आवरेना. त्याहून संताप आला, कारण तो खरं बोलत होता. मी बसले नसते.

चौथ्या दिवशी तो आमच्या वाडीच्या कुंपणाशी उभा. हातात स्पॅनिशचं जाडजूड पुस्तक, मुंबईच्या कुणा पाद्रीबाबांकडून मागून आणलेलं.

"मलाबी येत न्हाय. दोघं शिकू."

"मी माफ केलेलं नाही."

"नको करू. पान उघड."

मग रोज होडी. अर्धे शब्द त्याला ओळखीचे निघाले, पण क्रियापदं म्हणजे नुसता छळ! मी, तू, तो, आपण, प्रत्येकाला निराळं रूप. चूल फुंकताना घोकलं, विहिरीवर घोकलं. शिकणारच, म्हटलं, बघू कोण अडवतं!

होळीच्या आदल्या आठवड्यात मुंबईच्या साहेबानं माझ्या पत्रात दोन चुका काढल्या आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

परतले ती तडक कोर्लईला. जेरोम मळ्यात पाणी लावत होता.

"लागली नोकरी!"

तो हसला, मग खाली बघू लागला. "आता तू कशाला येशील होडीत..."

"तुला विचारायला. लग्न करशील माझ्याशी?"

"केसर! मी किरिस्ताव... तुझे आबा..."

"आबांना आजच सांगणार आहे."

"कुठल्या भाषेत?" तो थट्टा करायला गेला, पण हसला नाही.

"मराठीत," मी म्हटलं. "त्यांना शब्द न् शब्द कळायला हवा."